वाढत्या अंगाची कुंडी

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला न चुकता सांगायची, "वाढत्या अंगाचा करा." पहिलं वर्षभर आम्ही त्यात हरवून फिरायचो आणि तो अंगाला नीट बसायला लागेपर्यंत कोपरावर विरलेला असायचा. पोरांचं त्यानं काही बिघडलं नाही. झाडांना मात्र हा हिशोब लागू होत नाही, हे कळायला मला एक पीस लिली मारावी लागली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. लिली सहा इंची कुंडीत सुखात होती. मला हौस आली. बारा इंची, निळ्या नक्षीची चिनी मातीची कुंडी आणली आणि एकदाच काय ते ऐसपैस घर देऊन टाकू म्हणून तिला त्यात बसवलं. पुढं पुण्याची जुलैतली झड लागली. पानं मलूल दिसली की मी पाणी घालायची, म्हणजे बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजायची. दीड महिन्यानं उपसून पाहिलं तर ओट्यावरच्या आंबलेल्या फडक्यासारखा वास आला. मुळाला हात लावला की वरची साल सुटून यायची आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा हातात राहायचा.

कुंडीचा व्यास आणि उंची दोन्ही दुप्पट केली की माती दुप्पट होत नाही, आठपट होते. मुळं होती एका वाट्यात. उरलेल्या सात वाट्यांतलं पाणी प्यायला कुणीच नव्हतं. ते तिथंच बसून राहिलं, मातीतल्या हवेच्या जागा त्यानं व्यापल्या आणि मुळं गुदमरली. तेव्हापासून मी कुंडी बदलते ती फार तर दोन इंचांनी मोठी. सहाची आठ, आठची दहा. शेजारची सून दर वेळी विचारते, "मावशी, जरा मोठीच घ्या ना, सारखं सारखं कोण करणार?" सारखं नाहीच करावं लागत गं, दोन वर्षांतून एकदा करायचं.

माझ्या म्हणण्याला आडवी जाणारी एक गोष्टही सांगून टाकते. जर्मनीत युलिशच्या संशोधकांनी २०१२ मध्ये कुंडीच्या आकारावरचे बरेच प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा कुंडीचं आकारमान दुप्पट केल्यावर झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त भरली. म्हणजे मोठ्या कुंडीत झाड जास्त वाढतं, हे खरंच आहे. पण त्यासाठी तेवढं पाणी ओढणारं ऊन हवं. आमच्या दिवाणखान्यात सोफ्यामागं उभ्या असलेल्या झाडाला पडद्यातून गाळून आलेला उजेड मिळतो. त्याची तहानही तेवढीच.

घरात आपण जी झाडं हौसेनं ठेवतो, मॉन्स्टेरा, मनी प्लांट, अँथुरियम, पीस लिली, ती सगळी आपल्या अळूच्या कुळातली. सुरण आणि पावसाच्या तोंडावर ठाण्याच्या बाजारात येणारी शेवळं हेही त्यांचेच भाऊबंद. मॉन्स्टेराची मुळं छाटताना हात खाजतात ते त्याचमुळे. अळूत असतात तसे सुईसारखे स्फटिक याच्याही रसात असतात. अळूला आपण चिंच घालतो, शेवळांना काकडं. माझ्या हातांना मात्र सुरण चिरताना लावतात तसं खोबरेल पुरतं. पण कूळ एक असलं तरी अळू ओहोळाकाठी चिखलात वाढतं आणि मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलात दुसऱ्या झाडाला बिलगून वर चढतो. त्याच्या मुळांना कुजका पाला, ओलसर साल आणि भरपूर हवा यांची सवय असते. नर्सरीतल्या चिकट लाल मातीच्या गोळ्यात तो जगतो, पण कुढत.

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन भरतं जानेवारीत. लोक झाडं घेऊन येतात आणि त्याच संध्याकाळी कुंडी बदलायला बसतात. थंडीत ही झाडं अर्धवट झोपेत असतात. तुटलेली मुळं लवकर भरून येत नाहीत आणि ओली माती दिवसेंदिवस ओलीच राहते. तेव्हा महिनाभर तसंच ठेवा. होळीच्या सुमारास उकडायला लागलं की करा, नाहीतर सरळ मृगाची वाट पाहा. एप्रिल-मे मी टाळते, कारण मुळं दुखावलेल्या झाडाला कोरडी झळ सोसत नाही. अपवाद एकच. मुळं सडत असतील तर मुहूर्त पाहायचा नाही, त्याच दिवशी उपसायचं.

महिना बरोबर आला म्हणून कुंडी बदलायची असंही नाही. झाड सांगतं. घातलेलं पाणी क्षणात खालून निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी माती परत कोरडी ठक्क. भोकातून मुळं बाहेर डोकावतात. नवी पानं आधीच्यापेक्षा लहान येतात. झीझी प्लांटचं तर वेगळंच, त्याचे बटाट्यासारखे गड्डे आतून रेटून प्लॅस्टिकच्या कुंडीला पोट आणतात. यातलं काहीच दिसत नसेल तर मी झाडाला हात लावत नाही.

या जूनमध्ये मॉन्स्टेराची पाळी होती. आदल्या संध्याकाळी पाणी घातलं, त्यानं मुळं लवचिक होतात. सकाळी कुंडी आडवी करून बाजूंनी दाबली, कडेनं बोथट सुरी फिरवली आणि झाड अलगद ओढलं. बाहेर आली ती कुंडीच्या आकाराची हुंडी, मातीपेक्षा मुळंच जास्त, तळाशी चुंबळीसारखी गोल फिरलेली.

आमचे नर्सरीवाले दादा रोप देताना नेहमी बजावतात, "ताई, हुंडी फोडू नका." आंब्याच्या कलमाला ते खरंच आहे. पण कुंडीत गोल गोल फिरायची सवय लागलेली मुळं तशीच ठेवली तर नव्या मातीतही ती फिरतच राहतात. म्हणून मी हुंडी फोडत नाही, उकलते. गुंता झालेल्या केसांसारखी, खालून वर, बोटांनी. पांढरी, कडक मुळं ठेवायची, काळी आणि लिबलिबीत कापायची. याला अर्धा तास लागतो आणि खरं सांगायचं तर सगळ्या कामातला हाच भाग मला आवडतो.

मिश्रणाचं फार कौतुक नको. दोन वाटे कोकोपीट, एक वाटा सालीचे तुकडे, एक गांडूळखत, मूठभर कोळशाचे खडे आणि थोडी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा धुऊन पिळून घ्यायची, कारण काथ्यात मीठ असतं आणि पानांची टोकं त्यानं करपतात.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर मी कित्येक वर्षं घालत आले, आईही घालायची. आता घालत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की उभा करा, आणखी पाणी गळतं. मातीचंही तसंच. ती जितकी उभी तितकी निथळते, आणि तळाशी थोडं पाणी तिच्यात अडकून राहतंच. विटांचा थर ते पाणी खाली ओढत नाही, उलट मातीची उंची कमी करून ओल मुळांजवळ वर आणून ठेवतो. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये म्हणून.

झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवलं. माती ठासली नाही, कुंडी जमिनीवर दोनदा आपटली. काठाखाली बोटभर जागा सोडली. लोंबणारी हवेतली मुळं दोन-तीन मातीत वळवली, बाकीची काठीला बांधली. खालून निघेपर्यंत पाणी घातलं आणि उन्हापासून दूर ठेवलं. महिनाभर खत नाही. आठवडाभर पानं खाली झुकलेली होती, एक पिवळं पडून गळलं. पूर्वी अशा वेळी मी दिवसातून चारदा पाणी घालायला धावायची. या खेपेला बोट मातीत खुपसून पाहायची, ओल लागली की परत यायची.

रिकामी झालेली आठ इंची कुंडी घासून, धुऊन गच्चीत उन्हाला टाकलीय. सहा इंचीतल्या अँथुरियमची मुळं भोकातून बाहेर आलीत, ही त्याला होईल. धाकट्यानं थोरल्याचे कपडे वापरायचे, हे आईचं दुसरं शास्त्र. ते मात्र झाडांना लागू पडतं.