कबरीची माती

कबरी घरात आली तेव्हा तिनं खावं काय, याची चिंता आत्यांना नव्हती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मांजर आपलं पोट भरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुढचा व्हरांडा पाहिला, मागची मोरी पाहिली, गच्चीचा जिना पाहिला आणि मला विचारलं, "आगं, हिनं जावं कुठं?"

धाराशिवातल्या आमच्या वसाहतीत तेव्हा, 2010 साली, मागच्या कडुनिंबाचं आळं सोडलं तर उघडी जमीन शोधूनही सापडत नव्हती. घरात फरशी, अंगणात शहाबादी, फाटकाबाहेर सिमेंटचा रस्ता. आत्यांचं सासर लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. तिथल्या घराला दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद होतं. दाराबाहेर राखेचा ढीग, पलीकडे उकिरडा, परसात भुसभुशीत जमीन. मांजर कधी गेलं, कुठं बसलं, हे कुणाला कळतही नसे. ते आपलं आपण झाकून यायचं, पुढचं ऊन-पाऊस बघायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना भूकंप झाला आणि त्याच भिंती, त्याच माळवदांचं ओझं माणसांवर आलं. गाव नव्या जागी उठून गेलं, सिमेंटची घरं मिळाली, आणि काही वर्षांनी आत्या आमच्याकडे राहायला आल्या. जुन्या घराबद्दल त्या फारसं बोलत नसत. कबरीच्या निमित्तानं मात्र बोलायला लागल्या.

मांजर पाळलेल्या घराला वास येतो, असं लोक नाक मुरडून सांगतात. कबरीबरोबर राहून माझं मत पक्कं झालं, की मांजराची माती काढून घेतली म्हणजे घराला वास सुटतो. ती त्याला परत दिली, कोरडी आणि रोजच्या रोज साफ केलेली, तर पाहुण्याला घरात मांजर आहे हे ते मांडीवर येऊन बसेपर्यंत कळत नाही.

गवंडी वापरतात तसलं प्लॅस्टिकचं रुंद घमेलं आणलं. आत्यांच्या पुतण्यानं शेतातली काळी माती पोतंभर आणून टाकली. आत्यांनी ढेकळं फोडली, खडे वेचले, माती चाळून घमेल्यात चार बोटं थर दिला. घमेलं मोरीत नको, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, कारण तिथं माती कधीच सुकली नसती. त्यांनी जिन्याखालचा कोपरा निवडला. कोरडा, जरासा अंधारा, पाठीमागं भिंत आणि समोर मोकळं. "बसल्यावर तिला दार दिसाय पायजे," त्या म्हणाल्या. हे शहाणपण पुढं मांजरांवरच्या कितीतरी लेखनात मला सापडलं. बसलेल्या मांजराला पळायला वाट दिसली नाही, तर ते त्या जागी जायचंच टाळतं.

कबरीला शिकवावं लागलं नाही. ती काळ्या, तांबूस आणि पांढऱ्या ठिगळांची होती. असली तिरंगी मांजरं जवळजवळ सगळी भाट्याच असतात. ओंजळभर पिल्लू ते, घमेल्याच्या काठावर चढलं, आत उतरलं, माती हुंगली आणि उकरायला लागलं. गरजेपेक्षा किती तरी खोल खड्डा केला, भिंतीकडे एकटक बघत बसलं, मग वळून वास घेतला, माती ओढली, पुन्हा वास घेतला, पुन्हा ओढली. समाधान झाल्यावर बाणासारखं सुटलं ते थेट आत्यांच्या वाकळेत. हा विधी तिनं जन्मभर असाच केला.

आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज असतं. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात, पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, आणि उन्हाळ्यात तेच पाणी गेलं की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बाजारात मांजरांसाठी जी गोळे धरणारी माती मिळते, ती बेंटोनाइटची असते, आणि बेंटोनाइटमधलं मुख्य खनिजही हेच. अमेरिकेत लोक मांजरासाठी राख, वाळू, भुसा असलंच काही वापरत. 1947 मध्ये मिशिगनमधल्या एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली, कारण तिची वाळू थंडीनं गोठली होती. त्यानं तिला आपल्या मुलतानी मातीच्या जातीची भाजलेली चिकणमाती दिली, आणि त्यातून एक प्रचंड धंदा उभा राहिला. ही हकिगत मी आत्यांना सांगितली तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. माती विकत घ्यावी लागते, याचं तेवढं वाईट वाटलं.

नुसती काळी माती मात्र घरात चालत नाही. भिजली की पंज्यांना चिकटते. म्हणून वखारीतला लाकडाचा कोरडा भुसा त्यात मिसळायला लागलो. आत्यांना राख घालायची होती. तिथं मी अडून बसले. राखेत खार असतो आणि मांजर दिवसभर पंजे चाटतं. उकिरड्यावर ते चार पावलं चालून पाय झटकून येतं. इथं ते जिन्यावरून थेट खाटेवर जाणार. आत्यांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं.

ताज्या मुताला फारसा वास नसतो, हे रोज घमेलं साफ करणाऱ्यालाच कळतं. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. शिकारीतून मिळेल तेवढ्या पाण्यावर भागवायचं, म्हणून त्यांची मूत्रपिंडं पाणी अंगात राखून मूत अगदी दाट करतात. त्यातल्या युरियाचं जंतू अमोनिया करतात, पण त्याला ओल लागते आणि वेळ लागतो. शिवाय मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं गंधक असलेलं अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि तो ओळखीचा उग्र दर्प तयार होतो. म्हणजे वास सुटण्याआधी माणसाच्या हातात काही तास असतात. आम्ही सकाळी चहाआधी आणि रात्री झोपताना गोळे काढत असू. त्यासाठी तळणीचा एक जुना झारा वेगळा ठेवला होता. कोरडी माती भोकांतून खाली पडते आणि गोळा वर राहतो. काढलेली घाण मागच्या कडुनिंबाच्या आळ्यात खोल पुरायची, भाजीच्या वाफ्यात कधीच नाही.

फिनेलची बाटली आमच्याकडे घराघरात असते, म्हणून हे सांगायलाच हवं. फिनॉलच्या जातीची द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. फिनेलनं पुसलेल्या फरशीवर चालून पंजे चाटणं त्याला बाधू शकतं. ब्लीचिंगचंही तसंच, मुतातल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू सुटतो. साबण आणि गरम पाणी पुरतं.

वयात आल्यावर कबरी रात्रभर ओरडायला लागली आणि एक दांडगा बोका आमच्या दारावर फवारे मारून जाऊ लागला. खरा वास तो. बोक्याच्या मुतात फेलिनिन भाटीपेक्षा कितीतरी जास्त असतं. आमच्या भागातल्या पशुवैद्यकांकडे गर्दी शेळ्यांची आणि म्हशींची. मांजराचं ऑपरेशन करणारे डॉक्टर लातूरला मिळाले. नसबंदी झाली, बोका यायचा थांबला, दाराचा वास गेला.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडेही नळाची वाट बघण्यात दिवस जात होते. भांडी घासलेलं पाणी झाडाला, अंघोळीचं संडासात. घमेलं धुवायला पाणी कुठलं? आत्यांनी ते कोरड्या मातीनं घासलं आणि गच्चीवर उन्हात पालथं टाकलं. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन ओल ठेवत नाही, आणि ओल नसली की जंतूंचं काम थांबतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात वास सगळ्यांत कमी होता. तेव्हापासून मे महिन्यात मातीची बेगमी व्हायला लागली. गच्चीच्या एका टोकाला कुरडया, दुसऱ्या टोकाला चाळलेली माती. वाळली की तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून झाकण घट्ट. पावसाळ्यात सगळ्या वस्तू सर्द होतात तेव्हा हीच माती उपयोगी पडे.

नवरात्रातली गोष्ट मात्र वेगळीच. आत्यांची तुळजाभवानीवर निष्ठा. घटाला शेतातली काळी माती लागते, तीत धान्य पेरायचं, मध्ये घट ठेवायचा, नऊ दिवस पाणी शिंपडायचं. आता मऊ, चाळलेली, ताजी काळी माती देवघरात जमिनीलगत मांडलेली, आणि घरात कबरी! शेजारणींनी तिला नऊ दिवस खोलीत कोंडायचा सल्ला दिला. आत्यांनी ऐकलं नाही. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पोत्यातली माती काढली, घमेलं पूर्ण रिकामं करून घासलं, नव्या मातीनं काठोकाठ भरलं आणि मग उरलेली माती परडीत घेतली. "आधी तिची, मग देवीची," त्या म्हणाल्या. कबरीनं घटाकडे एकदाही पंजा नेला नाही. आराधी बायका संबळ घेऊन आल्या की ती कपाटावर जाऊन बसायची, एवढाच तिचा नवरात्राशी संबंध.

मधल्या काळात लेकीनं पुण्याहून विकतची माती पाठवली, फुलांच्या वासाची. कबरीनं एक पाय टेकवला, झटकला आणि जाऊन मोगऱ्याची कुंडी उकरली. आपल्याला जो सुगंध, तो त्या नाकाला भडिमार वाटत असणार. आम्ही ती माती पाकिटासह कुणाला तरी देऊन टाकली.

तीच लेक 2018 मध्ये पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि येईल तो सांगू लागला, मांजर सोडून द्या. भीती निराधार नव्हती. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गर्भाला धोका करतो. पण त्याची अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला निदान एक दिवस जातो. शिवाय मांजर ती बहुधा पहिल्या लागणीनंतरचे एक-दोन आठवडेच टाकतं. माणसाला त्याची लागण अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घमेल्याला लेकीनं हात लावायचा नाही आणि रोज साफ करायचं. रोज तर होतच होतं. कबरी राहिली, नातू झाला, आणि त्याच्या पाळण्याखाली ती राखणीला बसू लागली.

तिच्या म्हातारपणाची पहिली खूण आत्यांच्या झाऱ्याला लागली. गोळे मोठे व्हायला लागले, एकामागून एक, आणि वास कमी कमी. "हिच्या मुताला वासच न्हाई राह्यला, डाक्टरला दाखव," आत्या म्हणाल्या. लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती. पाणी राखून ठेवण्याची ती पूर्वजांची ताकद गेली होती, म्हणून मूत पातळ झालं होतं आणि ती सारखी पाण्याशी जात होती. घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या. घमेल्याचा काठ एका बाजूनं कापून ठेंगणा केला, आणि दुसरं घमेलं आत्यांच्या खाटेशी आलं. झोपायच्या खोलीत मांजराची माती, याला घरात कुणी हरकत घेतली नाही. एक हिवाळा तिनं असा काढला. शेवटच्या दिवशीही ती घमेल्यापर्यंत गेली. उकरायचं बळ नव्हतं, आत्यांनी हातानं माती सारून दिली.

परवा वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू मुलगी कडेवर पिल्लू घेऊन आली. घरात वास येतोय, कुठलं सुगंधी फवारणं चांगलं, असं तिनं मला विचारलं. उत्तर आत्यांनी दिलं.

"फवारणं नगं माय. बस खाली, चाळणी घे. माझ्याकडं दोन डबे हायत, एक घेऊन जा. पुतण्या आयतवारी येतोय, तुझ्यासाठी पोतं सांगते."