वाचता आलं पाहिजे

2001 साली एमएस-सीआयटीचा कोर्स सुरू झाला आणि पाठोपाठ यवतमाळात असेंबल्ड कॉम्प्युटर घरोघरी दिसू लागले. कॉम्प्युटर घेतला म्हटलं की दत्त चौकातला ओळखीचा माणूसही रॅम विचारत नसे, विचारायचा, ‘रायटर टाकला का?’

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात सीडी रायटर निवडताना माझं सगळं लक्ष खोक्यावरच्या ‘52 एक्स’वर. एक एक्स म्हणजे सेकंदाला 150 किलोबाइट, गाण्याच्या सीडीचा मूळ वेग. त्याच्या बावन्नपट वेग मिळतो तो फक्त चकतीच्या बाहेरच्या कडेला. आतल्या बाजूला निम्माही नाही. तरी आम्हाला वेगच हवा होता. लोडशेडिंगचे दिवस ते. सीडी मारताना लाइन गेली की कोरी चकती बाद, म्हणून लाइन असेपर्यंत काम उरकायची घाई.

पुढे डीव्हीडी रायटर घेतला. 700 एमबीच्या जागी 4.7 जीबी! पण त्याची खरी परीक्षा झाली ती दिग्रसच्या नातेवाइकांच्या लग्नाच्या सीडीवर. ट्रे आत गेला, चकती गरगरली, वेग चढला, उतरला, लेन्सची टकटक सुरू झाली. हळद छान दिसली. मंगलाष्टकांत नवरीच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. खालची चकचकीत बाजू तर स्वच्छ होती. दोष वर होता. सीडीतली माहिती असते लेबलच्या लगेच खाली, आणि तिथेच कुणीतरी बॉलपेन दाबून तारीख लिहिलेली. खालचे ओरखडे पॉलिशने जातात, वरचा व्रण जात नाही. तेव्हापासून ड्राइव्ह घेताना मी एकच बघतो: खराब चकतीवर तो वेग कमी करून चिकाटीनं वाचतो का.

आता लॅपटॉपला ट्रेच नाही. कोऱ्या सीड्या घराघरांत पोचवणारी मोझर बेअर कंपनी 2018 मध्ये अवसायनात निघाली. चकत्या मात्र कपाटांत तशाच आहेत, आणि घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं विटत जातो. आपल्याकडच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको.

म्हणून सांगतो, यूएसबीला लागणारा साधा डीव्हीडी रायटर घ्या. एक्स किती ते पाहू नका. लग्नाच्या, बारशाच्या सीड्या येत्या उन्हाळ्याआधी हार्डडिस्कवर उतरवून ठेवा. एकानं घेतला तरी अख्ख्या गल्लीचं काम भागतं.