मूर्तीलाही कागद लागतो

चेन्नई एग्मोरहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस धरली की पहाटे कुंभकोणम येतं. तिथून स्वामीमलै अगदी जवळ, कावेरीच्या काठी. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. इथे मुलाने बापाला, साक्षात शंकराला, ओंकाराचा अर्थ शिकवला, म्हणून देव स्वामीनाथ झाला. देवळाच्या ६० पायऱ्या म्हणजे ६० संवत्सरं. प्रभव, विभव, शुक्ल... नावं आपल्याच पंचांगातली, त्यामुळे दमछाक झाली तरी परकं वाटत नाही.

घरी मी दर्शनाला जातो असं सांगितलं होतं. खरं काम भाच्याच्या कागदपत्रांचं होतं. माझ्या मावसबहिणीचं, अक्काचं, सासर तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेली माणसं. राज्य १८५५ मध्ये संपलं, पण घरातली मराठी टिकली. भाचा हॉटेल मॅनेजमेंट शिकून इथल्याच एका रिसॉर्टमध्ये वाढपी आहे. डिसेंबर-जानेवारीत विदेशी पाहुण्यांची रीघ असते, उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या आणि पगार अर्धा. त्यामुळे त्याला क्रूझ जहाजावर जायचं होतं. तिथेही सीझनच असतो: उन्हाळ्यात भूमध्य समुद्र किंवा अलास्का, हिवाळ्यात कॅरिबियन किंवा दुबई. सहा ते नऊ महिन्यांचा करार, मग घरी बिनपगारी सुट्टी. गोव्याच्या तारवट्यांना आणि मुंबईत धोबीतलावच्या कूडांमध्ये (गोवेकरांच्या वसतिगृहांमध्ये) उतरणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कावेरीकाठच्या या घरात मात्र बोटीवर जाणारा हा पहिलाच. अक्काला समुद्राची भीती नव्हती. पोराला तिथे ताटांत काय काय वाढावं लागेल, याची होती.

नोकरी शोधणं सोपं निघालं. कुंभकोणमच्या बसस्टँडपाशी डिग्री कॉफी पिता पिता एका एजंटाने दुबईची, सिंगापूरची, अमेरिकन जहाजाची, सगळीच कामं देऊ केली. पैसे मात्र आगाऊ. मला तिथेच खटकलं. खलाशांच्या भरतीसाठी केंद्र सरकारच्या डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकाला उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. भारताने २०१५ मध्ये सागरी कामगार करार मान्य केला, त्यात हेच आहे. भाचा म्हणाला, "मामा, इथे सगळे देतात." सगळे देतात म्हणूनच हे चालतं.

कागदांपैकी पासपोर्ट त्याच्याकडे होता. पुढे एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराखालचे सुरक्षेचे प्राथमिक कोर्स: पाण्यात तग धरणं, आग विझवणं, प्रथमोपचार वगैरे. त्यानंतर मान्यताप्राप्त डॉक्टरची तपासणी आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही. जहाज अमेरिकेच्या बंदरांना लागणार असेल तर सी-१/डी व्हिसा, आणि काही मार्गांसाठी पिवळ्या तापाची लस. सीडीसी असली की एमिग्रेशन क्लिअरन्सचा त्रास नाही. दहावी न झालेला स्वयंपाकी आखातात हॉटेलकामाला निघाला तर त्याला ते क्लिअरन्स लागतं, १९८३ च्या कायद्याप्रमाणे. चेन्नईत राज्य सरकारचीच ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन आहे, आखातात जाणाऱ्याने आधी तिचं दार ठोठावावं.

घोडं अडलं ते नावावर. तमिळनाडूत सहसा आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. याच्या शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षर, नाव आणि शेवटी 'राव'. पासपोर्टला आद्याक्षर चालत नाही, ते उलगडून लिहावं लागतं. कोणीतरी 'राव' आडनावाच्या रकान्यात टाकला आणि वडिलांचं नाव मधे. डिप्लोमावर तिसरंच. तिन्ही कागद एकाच मुलाचे, हे तिऱ्हाइताला कळायला मार्गच नाही. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची जाहिरात, असे दिवस गेले. २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसा नाकारायला सुरुवात केली, तेव्हाही तमिळनाडूतल्या पुष्कळांची अशीच धावपळ झाली होती.

मधल्या एका रिकाम्या दुपारी स्थपतींच्या, म्हणजे इथल्या मूर्तिकारांच्या, कारखान्यात गेलो. मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत पंचधातू. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकदाच होते. दिल्लीच्या भारत मंडपमसमोरचा २७ फुटी नटराज याच गावच्या स्थपतींचा, २०२३ चा. विक्रेत्याने मला सहज सांगितलं, मूर्ती परदेशी न्यायची तर ती पुरातन नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. इथल्या परिसराला चोरीचा अनुभवही आहे: पत्तूरचा नटराज चोरीला जाऊन लंडनला पोहोचला, तिथल्या कोर्टात खटला लढून १९९१ मध्ये परत आणावा लागला. त्या देवाने आपली ओळख पटवून द्यायला जेवढी वर्षं घालवली, त्यापुढे भाच्याचा 'राव' काहीच नव्हे, असं मी अक्काला म्हणालो. तिला हसू आलं नाही.

मी निघालो तोवर राजपत्राची पावती हातात आली होती, कोर्ससाठी चेन्नईला नाव नोंदवलं होतं आणि त्या एजंटाला एक पैसाही दिला नव्हता.

तुमच्या घरातलं कोणी बोटीवर किंवा आखातात हॉटेलकामाला निघालं असेल, तर आधी पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि डिप्लोमा शेजारी शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. एजंटाचा परवाना क्रमांक डीजी शिपिंगच्या किंवा परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलच्या यादीत स्वतः शोधा, आणि नाही सापडला तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.