बिनतळाचं जाळं

मुलांनो, तुमच्या वर्गात सगळ्यांत मागे कोण बसतं? उंच मुलंच ना? आमच्या शाळेतही तसंच. काही वर्षांपूर्वी चौथीला माझ्याकडे एक मुलगी होती. प्रार्थनेच्या रांगेत कायम शेवटची. भिंतीवर तक्ते टांगायचे झाले की मी तिलाच हाक मारायची. मुलं तिला ‘माड’ म्हणून चिडवायची आणि मी त्यांना रागवायची. पण एकदा घाईत माझ्याच तोंडून निघून गेलं, ‘अरे, आपल्या माडाला बोलवा!’ वर्ग खो खो हसला. ती हसली नाही.

ती मुलगी आता मालवणजवळच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळते. मागच्या हंगामात मी तिचा सामना बघायला गेले होते. मैत्रिणी तिला काय म्हणून हाक मारत होत्या, सांगू? ‘माडा, घे!’ आणि ती हसत हात वर करून चेंडू झेलत होती. मला मात्र चौथीचा वर्ग आठवला.

आमच्या किनाऱ्यावर कबड्डी, क्रिकेट सगळ्यांना ठाऊक. बास्केटबॉल तसा पाहुणा. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकांना कडक थंडीत मुलांना घरात खेळवायचं होतं. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. टोपल्यांना तळ होता! चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा. पहिल्या सामन्यात चेंडू एकदाच टोपलीत गेला म्हणे, त्यामुळे शिडीवाल्याचे पाय काही दुखले नसतील.

नेस्मिथ गुरुजींना थंडीने आत कोंडलं, आमच्या मुलींना पाऊस कोंडतो. त्यांचं मैदान उघडं, सिमेंटचं. जूनपासून त्यावर शेवाळ धरतं, खाऱ्या वाऱ्याने रिंग गंजते. आणि मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतले त्यांचे सामने यंदा चतुर्थीनंतर लगेच! मग सराव कुठे? महाविद्यालयाच्या व्हरांड्यात. तिथे चेंडू टप टप आपटत पळता येतं, एकमेकींना फेकता येतो, पण रिंगमध्ये टाकता येत नाही. पाऊस थोडा उघडला की सगळ्याजणी खराटे घेऊन मैदान घासतात.

संघ अगदी कोवळा आहे. मागच्या वर्षीच्या चार मोठ्या मुली पदवी घेऊन गेल्या. राहिल्या चार आणि अकरावीतून-बारावीतून नव्हे, थेट पहिल्या वर्षाला आलेल्या नवख्या तीन. एकूण सात. त्यांतल्या बहुतेक बुटक्या. बुटकेपणाचं मला एवढं भय वाटत नाही. मग्सी बोग्ज नावाचा अवघ्या पाच फूट तीन इंचांचा खेळाडू अमेरिकेच्या एनबीएत चौदा हंगाम खेळला. आमच्या मुलीही पळतात झकास. भय आहे ते आकड्याचं. मैदानात पाच जणी लागतात, चाळीस मिनिटं पळायचं असतं आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. सातांतली एक गेली तर राखीव एकच उरते. मला विचाराल तर सातजणी राहिल्या तर पहिला सामना त्या नक्की काढतील. सहाजणी असल्या तर अर्ध्यातच दमतील.

आणि जाण्याची वेळ आली होती नेमकी आमच्या माडावर.

मासेमारी बंदीचे दिवस. घरात पैशांची ओढाताण. मामाने गोव्यात एका दुकानात काम बघून ठेवलं होतं, चतुर्थी झाली की निघायचं. ती माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, तुमी आयेक सांगा.”

मी गेले. तिची आई पडवीत सुकी सुंगटं निवडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाई, खेळान पोट भरतला?”

मी पुण्याच्या शिरीन लिमयेचं सांगितलं. २०१७ साली बंगळूरला महिला आशिया चषकाच्या ब विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. आई शांतपणे म्हणाली, “ता पुण्याचा चेडू. आमच्या घराक महिन्याक काय येता, ता तुमका ठावक आसा.”

यावर मी काय बोलणार? मला ठाऊक होतंच. मग मी सात आणि सहाचा हिशेब सांगितला. तो मात्र तिला चटकन कळला. रापणीला दोन्ही बाजूंनी दोरी ओढतात ना, तिथे एका बाजूची माणसं कमी पडली की काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी आभाळ उघडलं. मी मैदानावर गेले तर आई कठड्याशी उभी! नजर रिंगला लोंबणाऱ्या जाळीवर.

“बाई, ह्या कसला जाळा? तळच नाय! मासो रवतलो खंय?”

मी तिला टोपलीची आणि शिडीची गोष्ट सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली. तेवढ्यात लेकीने चेंडू टाकला, तो रिंगवर गरगर फिरला आणि बाहेर पडला. दुसऱ्यांदा आत गेला. आई काही बोलली नाही, पण अंधार पडेपर्यंत हलली नाही.

गोव्याचं काय ठरलं, हे मी विचारलं नाही. मामाला अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. निघताना आई लेकीला एवढंच म्हणाली, “पाच वाजता सोडतंय. दिवेलागणीक घराक येवक व्हया.”