आत उघडणारं गेट

मे २०२३ मधली ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. पावणेसहाला दूध घ्यायला गेट ढकललं, तर उघडेना. कडी काढलेली, पण पल्ला बोटभर सरकला आणि अडला. वाकून पाहिलं, तर रस्ता गेटच्या खालच्या पट्टीच्याही वर आलेला. रात्री दहाला यंत्रं आली, दीडला गेली आणि सकाळी आम्ही आमच्याच घरात कोंडलेले. दूधवाल्यानं पिशवी गेटवरून आत दिली.

परभणीतलं आमचं घर १९९६ चं. काळ्या मातीचा प्लॉट, पुढं रस्ता, मागं बोळ. तेव्हा रस्त्यावरून अंगणात यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता गेटातून आत येताना एक पायरी उतरावी लागते. अंगण होतं तिथंच आहे, रस्ताच चढत गेला. खडीवर डांबर, त्या डांबरावर पुन्हा खडी, पुन्हा डांबर आणि शेवटी काँक्रीट. जुना थर उकरून काढायचा कुणी विचारही केला नाही. रस्ता किती उंच असावा हे शेजारच्या घरांच्या जोत्यावरून ठरायला नको? ठेकेदाराच्या माणसाला मी विचारलं, "आमच्या अंगणातलं पाणी आता कुठं जायचं?" तो म्हणाला, "ताई, भराव टाकून घ्या की." म्हणजे रस्ता त्यांनी चढवायचा आणि मुरूम आम्ही विकत घ्यायचा! बरं, अंगण उचललं तर पाणी ओट्यावर येणार, तिथून घरात. मग जोतं कोण उचलून देणार? अर्ज केला, पोच घेतली, तीनदा जाऊन आले. प्रत्येक वेळी साहेब साइटवर. पोचेचा तो कागद मी अजून जपून ठेवलाय. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. रस्ता व्हावा म्हणून गल्लीनं जो अर्ज केला होता, त्यावर पहिली सही माझीच होती. पावसाळ्यात पोरं बूट हातात घेऊन शाळेला निघायची, ते मला बघवत नव्हतं.

गेट खालून चार इंच कापलं, बिजागऱ्या फिरवून घेतल्या. तेव्हापासून ते आत उघडतं.

मग आम्हीही तेच केलं, मुरूम टाकला. दोन ब्रास, सगळा गेटजवळ. पाणी थांबायचं ते थांबलंच. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस त्यांतून गटागटा आत जातो आणि आपल्याला वाटतं, जिरतंय. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि वरचं पाणी वरच राहतं. आठ-दहा दिवस साचलेल्या पाण्यात डासांची पुढची पिढी तयार होते, म्हणून मी रोज सुपलीनं पाणी लोटायची.

पुढच्या उन्हाळ्यात शोषखड्डा घेतला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे करून नाल्या आणि डास संपवले, हे वाचलेलं होतं. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. तळाशी मोठे दगड, वर लहान, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. काम चोख झालं. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात तो खड्डा पहिल्या तासातच भरून वाहायला लागला. पैसे पाण्यात गेले, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

चूक खड्ड्याची नव्हती. हिशोब मी नंतर केला. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३६० लिटर पाणी खाली येतं. खड्डा सगळा मिळून १,८०० लिटरचा, त्यातली निम्म्याहून जास्त जागा दगडांची. तो मोरीच्या रोजच्या पाण्यासाठी असतो आणि ते काम आजही बिनबोभाट करतो. कुणी तो बुजवा म्हटलं तर मी भांडेन. स्लॅबचं पाणी त्यात सोडलं, हा आमचा अडाणीपणा.

खरा उलगडा केला तो मिस्त्रीनं, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं. एक टोक गेटपाशी, दुसरं मागच्या सीताफळाखाली. म्हणाला, "ताई, तुमचं पाणी गेटकडं कधी जातच नव्हतं. ते मागं जातंय आणि भिंतीला अडतंय." एवढी वर्षं आम्ही पुढच्या बाजूशी झगडत होतो आणि उतार मागं होता! मागच्या बोळातली नाली अंगणापेक्षा सव्वा फूट खाली निघाली. चाळीस फूट चार इंची पाइप टाकला, शंभर फुटांना एक फूट उतार धरून, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पाच इंच. कोपऱ्यात जाळीचं चेंबर केलं, कंपाउंडला भोक पाडलं. ज्यांच्या अंगणात पाणी साचतं त्यांना मी हेच सांगते, मुरुमाची ट्रॉली बोलावण्याआधी नळी लावून पाहा.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसाच पाऊस झाला. अंगण तासाभरात मोकळं झालं. मी दारात उभी राहून बघत होते, डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या दिवशी बोळातल्या काकू आल्या, आमच्यापासून तिसरं घर. "ताई, यंदा पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं. तुमचा पाइप झालाय म्हणून तर नाही ना?" मी म्हणाले, "नाली तुंबली असेल." मिस्त्रीला बोलावून नळी लावली. नाली साफ होती. पण काकूंच्या दारापुढं तिचा तळ आमच्या मागच्या तळापेक्षा तीन इंच वर आहे. बांधतानाच उलटा उतार दिलेला. नवा अर्ज दिलाय, या वेळी दोघींच्या सहीचा.

पाइपाच्या तोंडाला लावायची कॅप मी आणून ठेवली आहे. मोठा पाऊस आला की लावायची, म्हणजे पाणी आमच्याकडंच थांबेल. ती अजून ओट्यावर पडून आहे.