दोषाचें ठिकाण

वर्गांत एखादा मुलगा तोंड मिटून घूं ऽ असा नाद काढूं लागला, म्हणजे तो नेमका कोठून येतो हें शोधणें किती कठीण, हें ज्यानें मास्तरकी केली आहे त्यालाच कळेल. ओठ कोणाचेच हलत नाहींत. मुद्रा सर्वांच्याच सारख्या निष्पाप. अशा वेळीं ज्याच्यावर आधींच राग आहे, त्यालाच मास्तर बहुधा बांकावर उभा करतो. मींहि तसें केलें आहे. पस्तीस वर्षांची नोकरी संपली तशी ही खोडहि संपली असावी, अशी माझी समजूत होती. गेल्या मार्गशीर्षांत गिरीज येथील आमच्या घरांत एक यंत्र घुमूं लागलें आणि ती समजूत खोटी ठरली.

माझ्या धाकट्या भावास जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा छंद होता. तो गेला, मागें त्याची हत्यारांची पेटी राहिली, आणि एक मुलगा. मुलाला वेड गिटारचें. आमच्या वसईंत हें नवल नव्हे. येथील ख्रिस्ती घरांतून गिटार आणि व्हायोलिन हीं आमच्याकडील टाळ-पेटीइतकींच घरचीं असतात. बापाच्या पेटींतील व्हॉल्व्ह आणि रोहित्रें घेऊन, उणें पडलें तें मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून आणून, त्यानें गिटारसाठीं एक ध्वनिवर्धक स्वतः जोडला. नाताळांत शेजाऱ्यांच्या अंगणांत तो वाजवावयाचें ठरलेंहि होतें.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली कांचेची नळी. आंतील तार तापली कीं विजेचे कण सुटतात. वाटेंतील जाळीवर दिलेला लहानसा दाब त्यांच्या मोठ्या प्रवाहास आवरतो वा सोडतो, आणि कुजबुजता नाद मोठा होऊन बाहेर पडतो. फ्लेमिंगनें ही नळी १९०४ मध्यें काढली. तींत जाळी बसविली ती लवकरच डी फॉरेस्टनें. १९२७ मध्यें मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तें अशाच नळ्यांच्या जोरावर. पुढें ट्रान्झिस्टरनें त्यांना घराघरांतून हद्दपार केलें. परंतु गिटारवादकांनीं त्यांना अजून सोडलेलें नाहीं.

पहिल्या संध्याकाळीं सारें घर ओटीवर जमलें. नळ्यांत तांबूस उजेड आला, आणि अर्ध्या मिनिटांत कर्ण्यांतून जाड घूं ऽ सुरू झालें. त्यांत गिटार पार बुडून गेली. भावजय कांहीं बोलली नाहीं. नवऱ्याची ती पेटी तिनें मुकाट्यानें झांकून ठेवली. मुलाचा चेहरा पाहवेना.

त्याच सुमारास कुंपणापलीकडच्या वाडींत पाण्याचा पंप चालूं होता. तो एकाएकीं थांबला, आणि काय आश्चर्य, इकडचें घुमणेंहि थांबलें! मला अधिक पुरावा नको होता. मी तडक कुंपणाशीं गेलों आणि शेजाऱ्यास चार शब्द सुनावले. पिढ्यान् पिढ्यांचा शेजार. सणावारीं फराळाचीं ताटें आणि नाताळचा केक या कुंपणावरून येत-जात आलेला. तो नुसता म्हणाला, "बरें, गुरुजी."

दुसऱ्या संध्याकाळीं पंप बंदच होता. पुतण्यानें यंत्र लावलें, आणि घूं ऽ! तो माझ्याकडे न पाहतांच म्हणाला, "काका, पंप बंद आहे, तरी आवाज येतोच आहे."

पाठशाळेंत मीं तर्कसंग्रह घोकला होता. कारण असतां कार्य असावें, हा अन्वय. कारण नसतां कार्य नसावें, हा व्यतिरेक. दोन्ही पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये, हें शेंकडों मुलांना सांगणाऱ्या मीं, कावळा बसला आणि फांदी मोडली एवढ्यावर कावळ्याला दोषी ठरविलें होतें!

इतक्यांत पुतण्याच्या एका मित्रानें तोड सुचविली: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकावी, नाद जातो. नाद जातो हें खरें असेल; पण आंत कांहीं सुटून धातूच्या पेटीस लागलें, तर गिटारच्या तारांवाटे मृत्यु हातांत येतो, हेंहि तितकेंच खरें. "तें होणें नाहीं," मी म्हणालों. मग भावजयीनें आपण होऊन ती पेटी पुन्हां उघडली आणि लांकडी दांड्यास बांधलेला एक रोध मुलाच्या हातीं दिला. अशा यंत्राच्या कंडेन्सरांत, वीज बंद केल्यावरहि, ३०० व्होल्टांचा दाब उरूं शकतो. तो या रोधानें उतरवावयाचा, मीटरनें तपासावयाचा, आणि मगच आंत बोट घालावयाचें, ही भावाची शिस्त होती.

मग आम्हीं पायरीपायरीनें शोध मांडला. आधीं सूर पाहिला. घरची वीज सेकंदास ५० हेलकावे घेते. ती एकमार्गी करतांना गाळणी अपुरी पडली, तर १०० कंपनांचा नाद मागें राहतो. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशीं सुमारें ९८ कंपनें होतात, म्हणजे जवळजवळ तोच सूर. पुतण्यानें तो छेडला. आमचा नाद एक सप्तक खालीं होता. म्हणून गाळणारे कंडेन्सर सुटले. आवाजाची खुंटी शून्यावर आणली, नाद गेला. म्हणजे दोष खुंटीच्या अलीकडे. शेवटीं, साथीचा ठेका देण्यासाठीं संगणकाची जी तार जोडली होती ती काढली, घुमणें बंद. पुन्हां लावली; पुन्हां सुरू. असें तीनदां केलें. तेव्हां त्याला आठवलें, पहिल्या दिवशीं पंप थांबला त्याच क्षणीं त्यानें ही तार उपसली होती!

ध्वनिवर्धकास एका भिंतीवरून अर्थिंग, संगणकास दुसऱ्या भिंतीवरून, आणि नादाच्या तारेचें कवच दोघांस जोडणारें. असें एक मोठें कडें नकळत तयार झालें होतें. घरांतील विजेचे ५० हेलकावे त्या कड्यांत शिरून गाण्यांत मिसळत होते. आम्हीं दोन्ही यंत्रांस एकाच फळीवरून वीज दिली, आणि मधल्या तारेंत एक लहान रोहित्र बसविलें. त्यांतून नाद पलीकडे जातो, पण धातूचा संबंध राहत नाहीं. अर्थिंगला हात लावला नाहीं. तरी थोडी गुणगुण उरलीच. नळ्या तापविणाऱ्या ६.३ व्होल्टांच्या दोन तारा जाळीच्या तारेस लागूनच नेलेल्या होत्या. त्यांना एकमेकींत पीळ घालून कोपऱ्यांतून दूर नेलें, तेव्हां दोघींचा परिणाम परस्परांनीं मारला. आतां ती ऐकावयास कर्ण्याशीं कान न्यावा लागे.

त्या रात्रीं गिटार स्वच्छ वाजली. भावजय दाराशीं उभी राहून ऐकत होती.

मला मात्र झोंप लागेना. नाद कर्ण्यांतून येत होता, पण दोष कर्ण्यांत नव्हता. आणि दुसऱ्याच्या वाडींत तर नव्हताच. तो आमच्याच दोन भिंतींच्या मध्यें होता. वर्गांत बांकावर उभीं केलेलीं कांहीं मुलें त्या रात्रीं आठवलीं. त्यांची क्षमा मागावयास आतां उशीर झाला. पण शेजारी तर कुंपणापलीकडेच होता.

सकाळीं उठून गेलों. दोन दिवस पाणी नसल्यानें भाजीचे वाफे कोरडे पडले होते. मीं सारी हकीकत सांगितली आणि माझी चूक झाली असें स्पष्ट म्हटलें. तो हंसला. "पंपाचा दोष नसेल असें मला वाटलेंच होतें, गुरुजी. पण पोराचें काम अडूं नये, म्हणून बंद ठेवला."

मी खालीं पाहत उभा राहिलों. त्यानेंच मग विचारलें, "तर आतां पाणी सोडूं?"