शिंपल्याचा पंप

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राजमार्गावर काशीमीरा हे ठिकाण लागते. काशीगाव आणि मिरागाव यांच्या नावांची ही जोडी. पूर्वेस डोंगरांची हिरवी रांग आहे आणि उत्तरेस थोड्याच अंतरावर वसईची खाडी आहे. या मार्गावर वाहनांचा ओघ अहोरात्र चाललेला असतो. गुजरातेकडे माल नेणारे ट्रक, पुढे घोडबंदरच्या रस्त्याने ठाण्याकडे वळणाऱ्या बसगाड्या, कामावर निघालेल्या दुचाक्या, साऱ्यांचीच घाई. त्यांतील कित्येक वाहने वाटेतल्या पेट्रोलपंपापाशी क्षणभर थांबतात. टाकी भरते, पैसे चुकते होतात आणि गाडी निघून जाते. त्या पंपाचा रंग कोणता होता, असे पुढच्या वळणावर कोणी विचारले, तर शंभरांतील एकालाही तो सांगता यावयाचा नाही.

आणि तरीही वाटेवरचा विसावा हा त्या त्या काळाचा खरा साक्षीदार असतो. खाडीकाठच्या घोडबंदरचेच पाहा. पोर्तुगीजांच्या काळी अरब व्यापाऱ्यांचे घोडे या बंदरात उतरत, म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. घोड्याला चारा लागे, बैलजोडीला पाणी लागे, मोटारीला पेट्रोल लागते. चारा, पाणी आणि पेट्रोल ही एकाच गरजेची तीन रूपे होत. मात्र गावची विहीर किंवा पाणपोई जपावी असे माणसांना वाटते. पेट्रोलपंप जपावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रस्ता रुंद झाला की जुना पंप पाडतात, नवा उभा राहतो आणि जुन्याची आठवणही मागे उरत नाही.

असा एखादा जुना पंप जपावा, तो पूर्वी होता तसाच पुन्हा उभा करावा, असे कोणी मनावर घेतले तर काय होईल? अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सेलम नावाचे शहर आहे. तेथे हे खरोखरच घडले.

१९३० च्या सुमारास तेथील एका तेलकंपनीने मोठी गमतीची युक्ती योजिली. ती शेल कंपनीचे पेट्रोल विकीत असे आणि शेल म्हणजे शिंपला. तेव्हा आपला पंपही शिंपल्याच्याच आकाराचा का नसावा, असे चालकांना वाटले. त्यांनी लवचिक लाकूड वाकवून आणि तारा गुंफून सांगाडा उभा केला, त्यावर काँक्रीटचा लेप दिला आणि माणसाहूनही उंच असा एक शिंपला रस्त्याच्या कडेला उभा राहिला. जणू समुद्राची एखादी प्रचंड लाट आली आणि त्याला वस्तीत ठेवून मागे गेली! असे एकंदर आठ शिंपले त्यांनी बांधले. वाटसरू प्रथम कौतुकाने थांबत आणि मग पेट्रोल घेत.

पुढे दिवस पालटले. आठांपैकी सात शिंपले नाहीसे झाले. जो एक उरला, त्यातून पेट्रोलची विक्री बंद पडली. काही काळ तर तेथे गवत कापण्याची यंत्रे दुरुस्त होत असत. परंतु १९७६ मध्ये त्या देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत या शेवटच्या शिंपल्याचे नाव नोंदले गेले आणि १९९७ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने त्याचा जीर्णोद्धार केला.

जीर्णोद्धार म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रंगाचा डबा आणि कुंचला येतो. भिंत मळली, रंग द्या; दार मोडले, नवे बसवा; काम संपले! या लोकांनी तसे केले नाही. शिंपल्यावर वर्षानुवर्षे पांढऱ्या आणि पिवळ्या रंगाचे थर चढलेले होते. त्यांवरच आणखी एक हात फिरविणे सोपे होते आणि तो चार दिवसांत नवाकोरा दिसलाही असता. पण मग मूळचा रंग कोणता, हा प्रश्न कायमचा गाडला गेला असता. म्हणून कामकऱ्यांनी एकेक थर सावकाश काढावयास आरंभ केला. हे काम जवळजवळ वर्षभर चालले. अखेर सर्वांत खालचा थर उघडा पडला. तो पिवळ्या आणि नारिंगी रंगांच्या मधला, पिकल्या आंब्याची आठवण करून देणारा होता. त्यांनी दर्शनी दारही पूर्ववत केले. पूर्वी जेथे मोटारी धूत, तो लाकडी पट्ट्यांचा मांडव त्यांनी पुन्हा बांधला.

वर्षभर खपून अखेर एक रंगच हाती लागला, असे कोणी म्हणेल. पण त्या रंगाचे मोल मोठे आहे. तो कोणाच्या आवडीने निवडलेला नव्हता. त्या वास्तूनेच आपल्या अंगावर जपून ठेवलेली ती साक्ष होती. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपली आवड बाजूला ठेवून ही साक्ष ऐकावयाची असते. हे वाटते तितके सोपे नाही, कारण आपल्याला सुंदर वाटेल ते करण्याचा मोह हात शिवशिवत असताना आवरावा लागतो.

साक्ष ऐकावयाची म्हणजे काळाचा तपशीलही चुकवावयाचा नाही. त्या काळी पुष्कळ पंपांच्या माथ्यावर काचेची उंच नळकांडी असे. नोकर हाताने दांडा हलवून जमिनीखालच्या टाकीतील पेट्रोल तीत चढवी. काचेवर मापाच्या खुणा असत, त्यामुळे आपल्याला किती पेट्रोल मिळणार, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसे. मग नळी मोटारीच्या टाकीत सोडली की वरचे पेट्रोल आपल्याच भाराने खाली उतरे. अशा काळाच्या वास्तूपुढे कोणी आकडे उजळणारा आजचा पंप उभा केला, तर पाहणारा फसेल. तो पंप दिसावयास कितीही देखणा असला, तरी त्या जागी तो खोटाच ठरेल.

हाच विचार आपल्या देशातील एखाद्या जुन्या पंपाला लावून पाहावा. समजा, काशीमीऱ्यासारख्या ठिकाणचा एखादा पंप १९५५ साली जसा असता तसा उभा करावयाचा आहे. त्यावर नाव कोणते लिहावे? बर्मा-शेल चालेल, कॅल्टेक्स चालेल. पण भारत पेट्रोलियम चालणार नाही. कारण बर्मा-शेलचा कारभार सरकारने १९७६ मध्ये हाती घेतला आणि त्यातून झालेल्या कंपनीला भारत पेट्रोलियम हे नाव १९७७ मध्ये मिळाले. एस्सो हे नाव तर जुनेच वाटते. परंतु तेही चुकेल, कारण भारतात त्या कंपनीने हे नाव घेतले १९६२ मध्ये. फळ्यावर भाव लिहावयाचा तो लिटरचा नव्हे, गॅलनचा. एक गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि लिटर त्यानंतर टप्प्याटप्प्याने रूढ झाला. भाव रुपये आणि आण्यांतच हवा. शंभर नव्या पैशांचा रुपया सुरू झाला तो १ एप्रिल १९५७ पासून. एका लहानशा पाटीवरील एक शब्द आणि एक आकडा. पण त्यांत देशाच्या इतिहासाची केवढी पाने दडलेली आहेत!

येथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवी. जुने जपावयाचे म्हणून जुने सगळेच परत आणावयाचे नसते. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत. त्याने इंजिन नीट चाले, पण धुरावाटे शिसे हवेत पसरे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक ठरे. म्हणून २००० सालापासून भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. जमिनीखालच्या जुन्या लोखंडी टाक्या गंजतात, पाझरतात आणि माती व विहिरी नासवितात. जुना पंप जपताना अशा टाक्यांचा बंदोबस्त केलाच पाहिजे. रूप जुने राहावे, परंतु धोका जुना राहू नये. पूर्वजांची चूक लपविणे जसे योग्य नाही, तसेच ती पुन्हा करणेही शहाणपणाचे नाही.

हा नियम केवळ पंपाचाच नव्हे. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकून घेतला. अशा जुन्या तटांचे दगड चुन्यात बसविलेले असतात. चुना ओल शोषतो आणि ती बाहेर सोडतो. म्हणून भिंत जणू श्वास घेत राहते. तेथे डागडुजीच्या घाईत सिमेंट थापले, तर ओल आतच कोंडते आणि दगड हळूहळू झिजून त्याचे पापुद्रे सुटू लागतात. भिंत मजबूत व्हावी म्हणून केलेला उपायच तिच्या मुळावर येतो. ती कशाची आणि कशी बांधली आहे हे आधी समजून घेतले, तरच तिची सेवा घडते.

रस्त्यांवर आता विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. आज ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, ते पेट्रोलपंप उद्याच्या मुलांना नवलाचे वाटतील. तेव्हा एखाद्या पंपावरील रंगाचे थर काढीत कोणीतरी बसेल आणि आजच्या माणसांची साक्ष काढील. असे काम करण्यासाठी फार मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही. घरातील माळ्यावर एखादा जुना कंदील, एखादी पितळी समई किंवा आजोबांची लाकडी पेटी असतेच. तिला चकचकीत रंग फासण्यापूर्वी घडीभर थांबावे. ती कोणी वापरली, कधी घेतली, तिच्यावरचा ओरखडा कशाचा, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. जुन्या वस्तू फार हळू बोलतात. त्यांचे ऐकावयाचे तर आपला हात आधी थांबवावा लागतो.